सस्पेन्स खात्यातल्या नोंदी : काही थरारकथा, काही विज्ञानकथा

बँकेत ‘सस्पेन्स अकाउंट’ नावाचे एक खाते असते. एखादी रक्कम खर्ची तर पडली, पण ती नेमकी कोणत्या खात्याला नावे टाकायची हे त्या दिवशी कळत नाही, तेव्हा ती नोंद तात्पुरती या खात्यात ठेवतात. ठेवायला हरकत नसते. मात्र ऑडिटर आला की पहिली चौकशी याच खात्याची : कुठली नोंद किती दिवस पडून आहे, आणि का? थरारकादंबरीचेही असेच असते, असे आमचे मत गेल्या काही महिन्यांत पक्के झाले आहे. लेखकाने पहिल्या पन्नास पानांत खुशाल दहा नोंदी सस्पेन्समध्ये टाकाव्यात; पण पुस्तक मिटेपर्यंत त्यातली प्रत्येक नोंद आपापल्या खात्यात वळती झाली पाहिजे. ‘योगायोगाने’ असे व्हाउचर लावून नोंद उडवणारा लेखक आमच्या लेखी नापास.

आम्ही म्हणजे मंडळाच्या वाचनालयात महिन्यातून दोनदा जमणारे सात-आठ जण. दिवस दुसरा आणि चौथा शनिवार. बँकांना त्या दिवशी सुट्टी असते आणि आमच्यात बँकवाले तीन. निवृत्त झालो तरी सवय सुटत नाही. बाकी एक गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एक वीज मंडळातले अभियंता, एक डॉक्टर आणि अधूनमधून येणारी तरुण मंडळी. चरित्रे, आत्मचरित्रे आणि कविता यांवर बरेच महिने काढल्यावर यंदा ठरले की थरारकथा आणि विज्ञानकथा वाचायच्या. निमित्त दुःखाचेच होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले आणि ९ जूनला इंग्लंडमध्ये फ्रेडरिक फॉरसाइथ. दोघेही १९३८ सालचे; नारळीकर जुलैचे, फॉरसाइथ ऑगस्टचे. एकाने आमच्या पिढीला विज्ञानकथेची गोडी लावली, दुसऱ्याने आमच्या तरुणपणी रात्रीच्या झोपा उडवल्या. दोघांना एकत्र वाचावे, आणि सोबत हल्ली नातवंडांच्या हातात दिसतात ती पुस्तकेही पाहावीत, असा बेत होता.

सुरुवात फॉरसाइथच्या ‘द डे ऑफ द जॅकल’पासून केली. १९७१ची कादंबरी. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारण्यासाठी एक गुप्त संघटना भाडोत्री मारेकरी नेमते, एवढीच गोष्ट. आता गंमत अशी की द गॉल यांना कोणी मारले नाही, ते १९७० साली स्वतःच्या घरी वारले, हे सगळ्या जगाला ठाऊक होते. म्हणजे शेवट पहिल्या पानाच्या आधीच फुटलेला! काही प्रकाशकांनी याच कारणाने हस्तलिखित परत केले होते. तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही. असे का व्हावे, यावर आमची एक संपूर्ण बैठक गेली.

उत्तर असे निघाले की वाचकाची उत्सुकता ‘काय होणार’ यात जितकी असते, त्याहून जास्त ‘कसे होणार’ यात असते. फॉरसाइथ मुळात पत्रकार. १९६२ साली रॉयटर्ससाठी तो पॅरिसमध्ये होता आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये द गॉल यांच्यावर खरोखरच गोळीबार झाला होता. कादंबरी त्या खऱ्या घटनेपासूनच सुरू होते आणि मग खरे कुठे संपले, कल्पित कुठे सुरू झाले, हे कळतच नाही. मारेकऱ्याची फी पाच लाख डॉलर, त्यातली निम्मी आगाऊ. ती उभी करायला संघटना काय करते? फ्रान्समध्ये बँका लुटते! आमच्यातल्या तिन्ही बँकवाल्यांनी इथे खुर्च्या पुढे ओढल्या. आणि हे दरोडे नुसती भर घालण्यासाठी नाहीत. एकाएकी इतके दरोडे का पडू लागले, या प्रश्नातूनच पोलिसांना पुढे वास लागतो. नोंद टाकली आणि वेळेवर वळतीही केली.

पण आम्हाला खरा हादरा बसला तो पासपोर्टच्या प्रकरणाने. जॅकल खेड्यातल्या स्मशानभूमींतून फिरतो, आपल्याच वयाचा असता असा, पण बालपणीच वारलेला एक मुलगा थडग्यावरून शोधतो, त्या मुलाचा जन्मदाखला काढतो आणि त्या नावाने रीतसर पासपोर्ट मिळवतो. दाखला खरा, शिक्का खरा, पासपोर्ट खरा. फक्त माणूस खोटा. हे शक्य झाले कारण जन्माची नोंदवही एकीकडे आणि मृत्यूची दुसरीकडे. दोन्ही ताडून पाहण्याची पद्धत नव्हती. ब्रिटनमध्ये या प्रकाराला पुढे या कादंबरीचेच नाव पडले.

आज बँकेत केवायसीसाठी दर काही वर्षांनी बोलावतात म्हणून आपल्यातले बरेच सभासद वैतागतात. ‘इतकी वर्षे ओळखता, आता आणखी काय हवे?’ हे वाक्य आम्ही काउंटरच्या अलीकडूनही ऐकले आहे आणि निवृत्तीनंतर पलीकडे उभे राहून म्हटलेही आहे. पण कागद खरा असणे आणि माणूस खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ट्रेनिंग सेंटरमधल्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा या कादंबरीने आम्हाला नीट समजावला. ज्यांच्या घरी वयस्क मंडळी फोनवर ‘साहेब, मी पोलीस खात्यातून बोलतोय’ असे ऐकून घाबरतात, त्यांनी तरी हे प्रकरण घरात मोठ्याने वाचावे. ओळखपत्र दाखवणारा माणूस म्हणजे ते ओळखपत्र नव्हे.

जॅकलच्या विरुद्ध बाजूला जो पोलीस अधिकारी आहे, तो लबेल, दिसायला अगदी साधा, घरात बायकोपुढे गप्प बसणारा. पिस्तूल रोखून धावणारा नाही, फोन करणारा आणि याद्या तपासणारा. हॉटेलांच्या नोंदणीचे कागद, सरहद्दीवरचे कागद, अर्जांचे गठ्ठे. कारकुनी कामातून इतका थरार निर्माण करणारे दुसरे पुस्तक आम्हाला माहीत नाही. फॉरसाइथची ‘द ओडेसा फाइल’ही त्यानंतर काहींनी वाचली. ती चांगली आहे, पण तिच्यात माहितीचे ओझे जास्त आहे.

जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही शिफारस तरुण मंडळींची. मूळ २००५चे पुस्तक, जपानमधला मानाचा नाओकी पुरस्कार मिळालेले. यावरून २०२३ साली ‘जाने जाँ’ हा हिंदी चित्रपट आला, तो आपल्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. आमचा सल्ला असा, की चित्रपट पाहिला असला तरी पुस्तक वाचा. इथे खून सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत होतो. कोणी केला, का केला, सगळे माहीत. डबेवजा जेवण विकणाऱ्या दुकानात काम करणारी यासुको, तिची मुलगी आणि शेजारी राहणारा, रोज तिच्याच दुकानातून डबा नेणारा अबोल गणित शिक्षक इशिगामी. तो या मायलेकींना वाचवायचे ठरवतो. पुढची सगळी कादंबरी म्हणजे त्याने रचलेले कोडे आणि त्याच्याच कॉलेजमधला जुना मित्र, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक युकावा, याने ते सोडवण्याची धडपड.

आमच्या शिक्षिकाबाईंनी इथे फार चांगला मुद्दा मांडला. त्या म्हणाल्या, मुले परीक्षेत चुकतात ती गणित येत नाही म्हणून नव्हे. प्रश्न भूमितीसारखा दिसतो आणि असतो बीजगणिताचा, म्हणून. इशिगामी आपल्या विद्यार्थ्यांना असलेच प्रश्न घालतो आणि पोलिसांनाही त्याने तसाच प्रश्न घातला आहे. पोलीस ज्या प्रश्नाचे उत्तर शोधताहेत, तो प्रश्नच मुळी वेगळा आहे. यापुढे लिहिले तर ज्यांनी वाचले नाही त्यांचा विरस होईल. सस्पेन्स खात्याच्या कसोटीवर मात्र हे पुस्तक आमच्या यादीत सर्वांत वर. शेवटच्या पानांत एकच नोंद वळती होते आणि मागच्या सगळ्या पानांचा ताळा एकदम जुळतो. डॉक्टरांना मात्र हे पुस्तक आवडले नाही. त्यांच्या मते इशिगामीच्या प्रेमात यासुकोला विचारलेच कोणी नाही. हा त्याग नसून न मागता दिलेले कर्ज आहे आणि त्याचे व्याज तिने आयुष्यभर भरायचे. यावर वाद झाला, तो मिटला नाही.

आता विज्ञानकथा. अँडी वीअर या अमेरिकन लेखकाचे नाव घरातल्या मुलांना आपल्यापेक्षा चांगले माहीत आहे. हा मूळचा संगणक प्रोग्रामर. ‘द मार्शियन’ त्याने आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट टाकली, वाचक चुका दाखवत गेले, तो दुरुस्त करत गेला; प्रकाशक नंतर धावत आले. मंगळावर एकटा मागे राहिलेला अंतराळवीर बटाटे लावून जगतो, ही तिची कथा. उष्मांक किती, पाणी किती, दिवस किती, याचा हिशेब पानोपानी. आमच्यापैकी एकाने तर पेन्सिल घेऊन बेरजा तपासल्या. एक त्रुटी मात्र मोठी : सुरुवातीला ज्या वादळामुळे सगळा प्रसंग ओढवतो, तसे वादळ मंगळावर होऊ शकत नाही. तिथले वातावरण आपल्या एक टक्क्याहूनही विरळ. वारा कितीही जोरात वाहिला तरी त्याचा धक्का बसेल तो झुळुकेएवढा. लेखकाला हे ठाऊक होते, कथा सुरू करायला त्याने ते मुद्दाम चालवून घेतले. आम्हीही चालवून घेतले. ओपनिंग बॅलन्समध्ये एक फरक मान्य करायचा, पुढे मात्र पै-पैचा ताळा हवा.

त्याचीच २०२१ची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ आम्हाला अधिक आवडली. एक माणूस जागा होतो. आपण कोण, कुठे आहोत, काही आठवत नाही. तो काय करतो? वस्तू खाली सोडतो, वेळ मोजतो आणि गुरुत्वाकर्षण काढतो. आकडा येतो पृथ्वीपेक्षा जवळजवळ दीडपट. म्हणजे आपण पृथ्वीवर नाही! नववीतल्या मुलाला येणाऱ्या गणितातून असा धक्का देणे, हे कौतुकाचेच. सूर्याचा प्रकाश खाणारे सूक्ष्म जीव पसरले आहेत, सूर्य मंदावतो आहे आणि उत्तर शोधायला हा माणूस बारा प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याकडे निघाला आहे. पेशाने शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. तिथे त्याला दुसऱ्या ग्रहावरचा एक जीव भेटतो. त्याच्या हाताला बोटे तीन, म्हणून तो दहाच्या नव्हे, सहाच्या पटीत मोजतो. दोघांची भाषा जुळते ती आधी आकड्यांतून आणि मग मैत्रीतून. वीज मंडळवाले साहेब शेवटाला डोळे पुसत होते, असे त्यांच्या सौभाग्यवतींनी आम्हाला सांगितले.

एकच तक्रार. या मोहिमेच्या प्रमुख बाईंना जगातली सगळी सरकारे सगळे अधिकार देऊन टाकतात. निविदा नाही, मंजुरी नाही, कोर्टाची भीती नाही. ज्यांनी शाखेसाठी एक पंखा मंजूर करून घ्यायला तीन स्मरणपत्रे पाठवली आहेत, त्यांना परग्रहावरच्या जीवापेक्षा ही बाई जास्त अविश्वसनीय वाटली.

चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ वाचताना मात्र आमच्यातले निम्मे गळाले. लेखक वीजनिर्मिती केंद्रात संगणक अभियंता होते. इंग्रजी अनुवादाला २०१५ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. सुरुवात १९६७च्या चीनमध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत. पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकाला भर सभेत मारहाण होते, त्यांची स्वतःची बायको त्यांच्याविरुद्ध साक्ष देते आणि मुलगी हे सगळे पाहत असते. ती मुलगी पुढे शास्त्रज्ञ होते आणि एक दिवस परग्रहावरून आलेल्या संदेशाला उत्तर द्यायचे की नाही, हे तिच्या हातात येते. माणसांवरचा विश्वास उडालेला माणूस काय उत्तर देईल? ही पन्नास-साठ पाने आम्ही श्वास रोखून वाचली. चिनी भाषेत पुस्तकरूपाने आले तेव्हा हा भाग मध्ये ढकललेला होता. इंग्रजी अनुवादात तो पुन्हा सुरुवातीला आला. तोच क्रम बरोबर आहे, कारण ती जखम कळल्याशिवाय पुढचा निर्णय कळत नाही.

पुढे मात्र माणसे पुठ्ठ्याची होतात आणि कल्पना मोठमोठ्या होत जातात. तीन सूर्यांच्या खेचाखेचीत सापडलेला ग्रह, ज्याचा पुढचा ऋतू कोणालाच सांगता येत नाही, ही कल्पना भन्नाट. खरे पाहिले तर आपल्या सर्वांत जवळच्या त्या तारकासमूहात दोन तारे एकमेकांभोवती सुमारे ऐंशी वर्षांत शांतपणे फिरतात आणि तिसरा फार लांब आहे. इतकी अनागोंदी तिथे नाही. पण तीन वस्तूंची गती कायमची सांगणारे एकच सोपे सूत्र गणिताकडे नाही, हे मात्र सत्य आहे. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना ते वेगळे सिद्ध करून दाखवावे लागत नाही.

शेवटी नारळीकर. त्यांची पहिली मराठी विज्ञानकथा ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेला त्यांनी ती नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरे उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हाताने लिहून काढली. पहिले बक्षीस मिळाले. मोठ्या नावाचा वशिला लागू नये म्हणून इतकी खटपट करणारे आज किती आढळतील, हा प्रश्न आम्ही आपापसात विचारला.

कादंबऱ्यांपैकी ‘वामन परत न आला’ आम्ही पुन्हा वाचली. १९८६ची. जमिनीखाली एका जुन्या, प्रगत संस्कृतीची ठेव सापडते. तिच्यातल्या माहितीवरून आधी एक महासंगणक बनतो आणि मग वामन नावाचा यंत्रमानव. वामनाला हवे असते ते एवढेच, की आपल्यासारखे आणखी यंत्रमानव आपल्याला बनवता यावेत. बळीकडे त्या वामनानेही तीन पावलेच मागितली होती. तेव्हा आमच्या शाखांत संगणक यायचे होते. युनियनच्या सभांत त्यावर भाषणे होत होती आणि आमची भीती नोकऱ्यांपुरती होती. नारळीकरांनी त्याच काळात पुढचा प्रश्न विचारून ठेवला होता : यंत्र काम काढून घेईल हे सोडा, निर्णय काढून घेतला तर? आज कर्जाचा अर्ज संगणकच नाकारतो आणि कारण विचारले तर समोरचा अधिकारी ‘सिस्टम घेत नाही’ म्हणतो, तेव्हा ही कादंबरी जुनी वाटत नाही. दोष सांगायचा तर त्यांची पात्रे बोलताना मध्येच फळ्याकडे वळतात. संवाद संपतो, तास सुरू होतो. फॉरसाइथ तीच माहिती कोणाच्या तरी खिशातून काढतो.

नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल हेही विज्ञानकथा लिहीत. त्यांच्या १९५७च्या ‘द ब्लॅक क्लाउड’मध्ये एक प्रचंड मेघ सूर्याच्या आड येतो. हॉइल, नारळीकर आणि वीअर ओळीने वाचले तर सूर्याचा प्रकाश कमी झाल्यावर माणसे कशी वागतील, या एकाच प्रश्नाची साठ-पासष्ट वर्षांतली वाटचाल दिसते. कोणाला हौस असेल तर जरूर करून पाहावे.

एक कथा मात्र कादंबरी नसूनही आमच्या चर्चेत घुसली, कारण इंदुरात तिला टाळता येत नाही. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकले आहेत. कारण अगदी लहान : विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून जाते. एवढ्याशा फरकाने पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा. एखाद्या क्षणी सगळे इतके तोललेले असते की केसभर फरकाने पारडे कुठेही झुकते, हा त्यातला शास्त्रीय मुद्दा. आता पुण्यात ही कथा वाचणे वेगळे आणि होळकरांच्या गावात वाचणे वेगळे. मल्हारराव त्या दिवशी रणातून निघून गेले, की उरलेले सैन्य वाचवून परतले, यावर आमच्याकडे दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले त्याने चहा दोनदा गरम करावा लागला. ग्वाल्हेरहून आलेले एक पाहुणे महादजी शिंदे त्याच रणातून पाय कायमचा अधू होऊन परतले याची आठवण देत होते. विज्ञान बाजूलाच राहिले.

याच बैठकीला एका सभासदांची अकरावीतली नात बसली होती. ती म्हणाली, ही तर आमची इंग्रजीची ‘द अ‍ॅडव्हेंचर’! एनसीईआरटीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकात धडा म्हणून ती हीच कथा वाचत होती. लेखकाचे नाव तिला पाठ होते. हा लेखक मराठीत विज्ञानकथा लिहीत असे, हे माहीत नव्हते. आमची मुले देवनागरी सफाईने वाचतात, हिंदीमुळे ती अडचण आपल्याकडे नाही. वडोदरा किंवा हैदराबादच्या मराठी घरांत ती आहे. लिपी येते, भाषा घरात बोलली जाते, तरी पुस्तक कोणी हातात देत नाही. तिला आम्ही मराठी कथा दिली. दोन आठवड्यांनी तिने परत आणली आणि सांगितले की मराठीत गंगाधरपंत जास्त विनोदी आहेत.

बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, सुहास शिरवळकर, नारायण धारप यांच्यावरही बोलायचे होते, ते या फेरीत जमले नाही. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून वाचायची असे ठरले आहे. ‘लुचाई’ची वाचनालयात एकच प्रत आहे आणि ती कार्डावरच्या नोंदीप्रमाणे बऱ्याच महिन्यांपासून बाहेर आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी पुढच्या चौथ्या शनिवारपर्यंत आणून द्यावी. दंड आकारला जाणार नाही.